दसऱ्याच्या दिवशी ओढलेली तार

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. टेनिसच्या रॅकेटमध्ये जी जाळी दिसते ना, ती ओवून घट्ट ताणण्याचे काम माझे. शारजातल्या एका उंच इमारतीत, सदानंद आणि अनुपमा यांच्या घरी, बाल्कनीच्या दाराशी मी उभे असते. मला एकच पाय आहे. त्यावर एक फिरती थाळी, थाळीवर रॅकेट पकडून ठेवणारे पंजे, तार धरणारे दोन चिमटे आणि बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की तार ताणली जाते. एवढेच माझे शरीर. दिसायला मी काही फार देखणे नाही. घरी आलेले पाहुणे मला पाहून हमखास विचारतात, "हे व्यायामाचं आहे का?" आता यावर काय बोलायचे! 

पण याच दांड्याने ओढलेल्या तारांनी एका मुलीचे नाव जगाच्या यादीत नेऊन ठेवले आहे. ती मुलगी दूर फ्रान्सची. तिच्याबद्दल सांगायचे तर आधी थोडे माझ्याबद्दल सांगावे लागेल. ऐकून घ्या.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. त्यातले मला रंगाचा वास आणि खोक्यातला अंधार एवढेच आठवते. उजेड पाहिला तो थेट दुबईत, अल क्वोजमधल्या खेळाच्या सामानाच्या एका गोदामात. बाहेर दिवसभर ट्रक, आत एसीची घरघर, आणि माझ्यासमोर उभे हमदुल्लाचाचा. ते रत्नागिरीकडचे, हर्णैचे. त्यांच्या घरी पूर्वी मासेमारीची जाळी विणत असत. त्यामुळे दोर, गाठ, ताण या गोष्टी त्यांच्या बोटांना शिकवाव्या लागल्या नाहीत. बिस्मिल्ला म्हणून ते पहिली तार ओवायचे आणि काम मनासारखे झाले की माझ्या थाळीवर टपली मारून म्हणायचे, "शाब्बास हबीबी!" मला ते फार आवडायचे. कोणाला आवडणार नाही?

चाचांची एक सवय मी कधी विसरणार नाही. गिऱ्हाईक आले की इतर दुकानदार विचारतात, तार किती घट्ट पाहिजे? चाचा आधी विचारायचे, "हात कुठे दुखतो?" दुबई मरीनातले ऑफिसवाले साहेब असोत की शाळेतली मुले, प्रश्न तोच. लोक हसायचे आणि मग कोणी मनगट पुढे करायचे, कोणी कोपर. ते पाहून चाचा तार निवडायचे.

आणि माझीही एक खोड आहे, ती आताच सांगून टाकते. पहिल्या ओढीला मी तार किंचित सैल सोडते. म्हणून एकदा ओढायचे, क्षणभर थांबायचे आणि पुन्हा ओढायचे. माझ्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात हे कुठेही नव्हते. माझ्याबरोबर राहील त्यालाच ते कळायचे.

काही वर्षांनी गोदामात विजेवर चालणारे नवे यंत्र आले. त्याला दांडा नाही, नुसती बटणे. माझ्यावर एक प्लास्टिकचे कव्हर घातले गेले आणि मी कोपऱ्यात गेले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? अशात एक दिवस सदानंद आपल्या मुलीला घेऊन गोदामात आले. ते हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. मुलगी आभा तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तिने नुकतेच टेनिस सुरू केले होते. तिने माझ्या कव्हरखाली डोके घातले आणि माझी थाळी गरगर फिरवून पाहिली. "बाबा, कॅन वी टेक धिस होम?" झाले! बाबांना विरघळायला तेवढेच पुरे होते.

चाचांनी सदानंदांना माझी खोड समजावली. "एकदा ओढ, थांब, पुन्हा ओढ. आणि आधी विचारायचं, हात कुठे दुखतो. खलास, एवढंच काम." मग मला गाडीत चढवताना त्यांनी शेवटची टपली मारली. त्या टपलीत जोर नव्हता.

शारजाच्या घरातली पहिली काही वर्षे माझ्या आयुष्यातली फार गोड वर्षे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बाप-लेक माझ्या दोन बाजूंना उभे राहायचे. आभा स्टुलावर चढून तार ओवायची, सदानंद दांडा फिरवायचे. पुढे ती स्टुलाशिवाय उभी राहू लागली आणि दांडाही तिच्या हाती गेला. तिचा हात हलका होता. खरे सांगायचे तर सदानंदांपेक्षा ती बरी ओढायची. हे त्यांनाही ठाऊक होते.

मग एका स्पर्धेत आभा हरली. हरणे नवे नव्हते, पण या वेळी जिंकत आलेला सामना हातचा गेला होता. दुबईपासून शारजापर्यंत गाडीत सदानंद एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर तिने खेळाची बॅग पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "आय ॲम डन. खलास." त्यावरही ते काही बोलले नाहीत. नंतर अनुपमाजवळ ते म्हणाले, "मी बोललो असतो तर तिला अजून लागलं असतं." आणि आभा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "बाबा इतके अँग्री होते की माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत." दोघांचेही बोलणे माझ्यासमोर झाले. फक्त एकमेकांशी झाले नाही.

त्यानंतर माझे काय झाले विचारता? आमच्याकडे बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. अनुपमा पुण्याची, व्यवस्थित बाई. तिने एक दिवस माझ्याकडे पाहिले, माझे पंजे पाहिले, दांडा पाहिला आणि एक ओला टॉवेल माझ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी उशीचे अभ्रे आले. मग मोज्यांची रांग लागली. चिमटे तर माझे अंगचेच होते! मी गंजू लागले. तिला मी दोष देत नाही. जिच्याशी कोणी बोलत नाही अशा वस्तूवर कपडे पडणारच.

अशी माझी अवस्था असताना सोलेन आमच्या घरी आली.

मरीनाजवळच्या एका क्लबमध्ये मुलींची एक छोटी व्यावसायिक स्पर्धा होती. अशा स्पर्धांना येणाऱ्या मुलींकडे ना प्रशिक्षक असतो ना हॉटेलचा थाट. म्हणून क्लबने जुन्या सभासदांना विचारले होते, कोणी एखाद्या खेळाडूला घरी ठेवून घेईल का? आभा खेळत नसली तरी अनुपमा क्लबच्या फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडली नव्हती. तिने लगेच हो म्हणून टाकले. आणि एका संध्याकाळी दारात उंच, उन्हाने नाक सोललेली, पाठीवर भली मोठी बॅग घेतलेली एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहिली. ती इंग्रजीत बोलत असे. तुमच्यासाठी मी मराठीत सांगते.

सोलेन ब्रिटनीची, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका पावसाळी गावची. तिची आई शाळेची बस चालवते. पहिल्याच रात्रीच्या जेवणाला थालीपिठाचा तुकडा मोडता मोडता तिने सगळे सांगून टाकले. व्यावसायिक टेनिस खेळायला आईने तिला एक वर्ष दिले होते. वर्षात जागतिक क्रमवारीत नाव लागले तर खेळत राहायचे, नाही तर घरी येऊन नर्सिंगला प्रवेश घ्यायचा. क्रमवारीत यायला तिला तीन स्पर्धांत गुण मिळवणे भाग होते. दोन ठिकाणी एकेक गुण मिळाला होता. ही तिची वर्षातली शेवटची स्पर्धा. पात्रता फेरी पार करून मुख्य स्पर्धेतला एक सामना जिंकला की झाले.

"आणि नाही जिंकलीस तर?" अनुपमाने विचारले.

सोलेन हसली. "तर मी चांगली नर्स होईन. पण मला टेनिसपटू व्हायचंय."

तेवढ्यात सदानंदांनी तिला विचारले, "तुझा हात कुठे दुखतो?" ती दचकलीच. वर्षभर कोणी तिला हे विचारले नव्हते. तिने उजवे कोपर पुढे केले. नेहमीची प्लास्टिकची तार कडक असते, तिने कोपराला हिसके बसत. डॉक्टरांनी तिला फक्त मऊ तार वापरायला सांगितले होते. तिच्या बॅगेत अशा मऊ तारांची चार वेटोळी होती, जुन्या प्रशिक्षकाने निरोप देताना दिलेली. सदानंदांनी माझ्यावरचे अभ्रे काढले, तेल घातले आणि तिच्या दोन रॅकेटना त्या तारा लावून दिल्या. किती दिवसांनी माझा दांडा फिरला! आभाच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. ती बाहेर आली नाही, पण माझा आवाज ऐकत होती, एवढे मला कळत होते.

"कसली हो ही तार? अगदी रेशमासारखी आहे," अनुपमाने विचारले.

सदानंद जरा अडखळले. ती तार प्राण्याच्या आतड्यापासून बनवतात. आणि माझ्यापासून चार पावलांवर अनुपमाचे देवघर. "खास फ्रेंच तार आहे," ते म्हणाले आणि दांडा फिरवू लागले. घरात शांतता राहावी म्हणून माणसे असे काहीबाही बोलतात. पण ही एवढीशी लपवाछपवी पुढे भलतीच महागात पडली.

सोलेनने पात्रता फेरी पार केली. मुख्य स्पर्धेतला तिचा पहिला सामना शनिवारी दुपारी होता. त्या वर्षी दसराही नेमका शनिवारी आला.

तुम्हाला ठाऊकच आहे, दसऱ्याला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात. अनुपमाच्या घरी हा नियम मोठा कडक. ज्याची पूजा केली त्याला त्या दिवशी विसावा. मिक्सर बंद, कात्री कपाटात, शिवणयंत्रावर झाकण. सदानंदांच्या कारखान्याला शनिवारी अर्धा दिवस असतो. सकाळी निघताना त्यांनी माझ्यावर झेंडूचे एक फूल ठेवले आणि ते हमरियाला गेले. सोलेन खाली बागेत पळायला गेली होती. आभा कानात हेडफोन घालून आपल्या खोलीत बसली होती. अनुपमा रेशमी साडी नेसून पाटावर पूजेची मांडणी करत होती आणि तिची नजर भिंतीशी टेकवलेल्या सोलेनच्या रॅकेटवर गेली.

मित्रांनो, तिच्या मनात काय आले असेल ते तुम्हीच सांगा. पोरीचा आज एवढा मोठा सामना, आणि ही तर तिची शस्त्रे, लढाईला निघतानाच पुजायची! अनुपमाने दोन्ही रॅकेट पाटावर घेतल्या. ओल्या फडक्याने तारा एक एक करून पुसल्या. पाण्यात कालवलेली हळद लावली, कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडले आणि झेंडूच्या माळा घातल्या. किती मायेने केले हो तिने! आणि मी सगळे पाहत होते. ती तार पाण्याने फुगते, तिचे पदर सुटतात. आठवडाभराच्या खेळाने तिच्यावरचा लेपही झिजला होता. पण यंत्र ओरडणार कसे? माझा दांडासुद्धा आपला आपण हलत नाही.

सोलेन परत आली तेव्हा आधी तिला फार आनंद झाला. अनुपमाचे पाहून तिनेही हात जोडले. मग एक रॅकेट उचलून सवयीने तळव्यावर आपटली. नेहमीचा आवाज आला नाही. तिने तारांवर बोट फिरवले. तंतू उभे राहिले होते. ती दुसरी रॅकेट उचलत होती तेवढ्यात पहिलीतली तार टणकन तुटली.

सोलेन फरशीवर बसली. रडली नाही, रागावली नाही. नुसती आपले कोपर धरून बसली.

"काय झालं गं? माझं काही चुकलं का?" अनुपमाने घाबरून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता सदानंदांना व्हिडिओ कॉल लावला. "अहो, त्या पोरीच्या तारा तुटायला लागल्यात. मी फक्त पूजा केली."

"पाणी लावलंस?"

"म्हणजे काय? पुसून घेतल्याशिवाय पूजा करतात का?"

सदानंद म्हणाले, "अनु, ती आतड्याची तार असते. तिला पाणी चालत नाही."

"कशाची?"

"आतड्याची. मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं."

अनुपमाने पाटाकडे पाहिले. पाटाला लागून देवघर. तिच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक काय काय येऊन गेले ते मला सांगता येणार नाही. शेवटी ती म्हणाली, "याबद्दल मी संध्याकाळी बोलते तुमच्याशी. आधी पोरीचं काय करायचं ते सांगा."

स्पर्धेच्या जागी तार ओढणारा एक माणूस होता. सोलेनने त्याला फोन केला, पण त्याच्याकडे रॅकेटची रांग लागलेली, सामन्याआधी जमणार नाही म्हणाला. बॅगेत मऊ तारेची शेवटची दोन वेटोळी उरली होती. आणि घरात मी होते. पण सदानंद हमरियात, आणि माझ्या डोक्यावर झेंडूचे फूल.

आभा केव्हा खोलीबाहेर येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने पाट पाहिला, सोलेनला पाहिले, मग मला. "आय कॅन डू इट," ती हळूच म्हणाली. "पण आई, टुडे वी कान्ट यूज द मशीन, ना?"

अनुपमा पुढे आली. माझ्यावरचे फूल तिने दोन्ही हातांनी उचलले, डोळ्यांना लावले आणि देवीपुढे ठेवले. "विसावा उद्या घेईल ते. देवी काही एवढी रागीट नाही. पाहुण्या पोरीचं माझ्या हातून बिघडलंय. यल्ला, लाग कामाला."

मी आजवर कितीतरी तारा ओढल्या, पण तशी एकही नाही. फोन माझ्या थाळीखालच्या कडेवर टेकवून ठेवला होता, त्यातून सदानंद पाहत होते. सोलेन एका बाजूने तार ओवत होती. आभा चिमटे लावत होती, दांडा फिरवत होती. ती तार मोठी नखरेल असते. वेटोळे सोडताना जरा पीळ पडला की तिथेच मोडते. कोणीतरी वेटोळे हातात धरून हळूहळू सोडायला हवे होते. सोलेनने इकडेतिकडे पाहिले.

"आण इकडे," अनुपमा म्हणाली. पूजेची रेशमी साडी, कपाळावर कुंकू, नुकत्याच पुसलेल्या हातांवर हळदीचा रंग. लोकरीची लड धरतात तसे तिने ते आतड्याचे वेटोळे दोन मनगटांवर घेतले आणि सोलेनच्या हाताबरोबर आपले हात हलवत राहिली. ती काय धरून उभी आहे हे आता तिला पक्के ठाऊक होते. मला तेव्हा तिच्याबद्दल जे वाटले ते सांगते. मोज्यांची ती सगळी रांग मी तिला त्या क्षणी माफ केली.

"आभा," फोनमधून सदानंद म्हणाले, "ते पहिल्या ओढीला सैल सोडतं. एकदा ओढ—"

"थांब, मग पुन्हा ओढ. आठवतंय मला."

"मला वाटलं विसरली असशील."

"मी काही विसरले नाहीये, बाबा."

आभा घरात नेहमी इंग्रजीत उत्तर देते. हे तिने मराठीत दिले. सदानंद गप्प झाले. त्यांचे हे गप्प होणे मला ओळखीचे होते, आणि मला भीती वाटली की पुन्हा तेच होणार. पण थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या दिवशी गाडीत मी रागावलो नव्हतो गं. मला काय बोलावं ते सुचलंच नाही. तुला काय झालंय, हे विचारायला पाहिजे होतं मी."

आभाचा हात दांड्यावर थांबला. तिने बाहीने डोळे पुसले आणि दांडा पुन्हा फिरवला. तार अगदी हवी तितकी ताणली गेली.

एक रॅकेट तयार झाली तेव्हा निघायची वेळ झाली होती. अनुपमा आणि सोलेन तीच घेऊन दुबईला निघाल्या. दुसरी आभाने एकटीने ओढायला घेतली. वेटोळे तिने स्वतःच्या गळ्यात अडकवले होते. शेवटची गाठ मारते न मारते तोच सदानंद दारात. धापा टाकतच ते आत आले, रॅकेट हातात घेऊन त्यांनी ती तळव्यावर आपटली, आणि काय सुरेख आवाज आला! "चल," ते म्हणाले. आभाने पायांत बूट सरकवले आणि दोघे धावतच गेले. गाडीत त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसानंतर माझ्यावर एकही कपडा वाळत पडला नाही.

सामना मी पाहिला नाही. घरात मी आणि देवी, दोघेच होतो. संध्याकाळी दार उघडले तेव्हा सगळे एकदम बोलत होते, त्यातून मला कळले ते असे. सोलेन पहिला सेट हरली. अनुपमा बाकावर बसून रामरक्षा म्हणत होती. दुसऱ्या सेटच्या मध्यावर आभा आणि सदानंद कुंपणाशी पोचले. सोलेनने त्यांना पाहून रॅकेट उंचावली आणि तो सेट जिंकला. तिसऱ्या सेटला तिने आभाची रॅकेट उचलली. शेवटी शेवटी दोघी खेळाडू इतक्या दमल्या होत्या की चेंडूमागे नुसत्या चालत होत्या, असे सदानंद म्हणाले. पण सोलेनचे कोपर दुखले नाही. ती जिंकली.

पहिल्या फेरीच्या विजयाला ना चषक ना फोटो. एक गुण, बस. अनुपमाने आभा आणि सोलेन, दोघींना ओवाळले. मग बर दुबईहून आणलेली आपट्याची पाने काढली आणि एक सोलेनच्या हातावर ठेवले. "हे सोनं. आमच्याकडे आज असंच देतात." सोलेनने ते पान किती वेळ पाहिले! मग आपल्या रॅकेटच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात जपून ठेवले आणि आईला फोन लावला. ती फ्रेंचमध्ये काय बोलली ते मला समजले नाही. पलीकडून मोठ्याने रडण्याचा आवाज आला, तो मात्र समजला.

जेवताना अनुपमा म्हणाली, "आणि अहो, त्या आतड्याचं." सदानंदांनी श्रीखंडाच्या वाटीवर मान खाली घातली. "सांगितलं असतंत तर मी त्या देवघरापासून लांब ठेवल्या असत्या. पण भिजवल्या तरी नसत्या!" त्यांनी निमूटपणे आणखी एक पुरी घेतली.

सोलेन दुसऱ्या फेरीत हरली. पण पुढे क्रमवारीची यादी आली तेव्हा आभाने लॅपटॉप माझ्यासमोर धरला. यादी खाली सरकतच राहिली, आणि अगदी तळाशी एकदाचे तिचे नाव दिसले. तेव्हापासून ते नाव वर चढते आहे. कधी भराभर, कधी दोन पावले मागे येऊन. आता तिच्याबरोबर एक प्रशिक्षक असतो. मोठ्या स्पर्धांमध्ये विजेवरची नवी यंत्रे तिच्या तारा ओढतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात ती दुबईला खेळायला आली तेव्हा हॉटेल सोडून एक दिवस आमच्याकडे राहिली. आभाने माझ्यावर तिची एक रॅकेट ओढून दिली. आभा आता इमारतीतल्या मुलांच्या रॅकेट ओढते. सामने खेळत नाही, नुसती मजेसाठी खेळते, आणि घरात ते सर्वांना मान्य आहे. समोर कोणी मूल आले की ती आधी विचारते, "हात कुठे दुखतो?" हमदुल्लाचाचा मध्ये एकदा माझा गंज काढायला आले होते. त्यांनी हे ऐकले आणि जाताना मला टपली मारली. अगदी जोरात.

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण जपणे म्हणजे नुसते पुसणे आणि फुले वाहणे नव्हे. अनुपमाच्या मायेत काय कमी होते? आणि सदानंद गाडीत गप्प बसले तेही लेकीवरच्या मायेनेच. तरी तारा तुटल्या, आणि लेकही दुरावली. म्हणून ज्याची काळजी घ्यायची, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला काय चालते आणि काय दुखते हे आधी विचारून घ्या. एवढेच माझे मागणे आहे.

या दसऱ्याला सकाळीच आभाच्या फोनवर सोलेनचा फोटो आला. कुठल्याशा गावातली हॉटेलची खोली, उशीवर ठेवलेली रॅकेट, आणि तिच्या चौकटीला टेकवलेले आपट्याचे एक वाळलेले पान. खाली लिहिले होते, "आज हिला विसावा. पाणी लावलेलं नाही, आईंना सांग." अनुपमा हसली, मग तिने पदराने डोळे टिपले. मग पूजेचे ताट घेऊन ती माझ्याकडे आली. हातात ओले फडके होते. ते माझ्या थाळीला लावणार तोच ती थांबली आणि वळून म्हणाली, "आभा, याला पाणी चालतं का गं?"

"कोरड्यानं पूस, आई."

तिने फडके बदलले. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल हे कोणी पहिल्यांदाच विचारले होते.